चौऱ्याण्णवपाशी अडकलेलं नेट

तीनशे मेगाबिटचं कनेक्शन, मेश वायफायचे तीन डबे, डब्यांना जोडणारी लॅन केबल, एवढं सगळं करूनही आतल्या खोलीत स्पीड टेस्टचा आकडा ९४च्या आसपास येऊन थांबतो. सकाळी ९४, रात्री ९४, फोन डब्याला टेकवून धरला तरी ९४. अशा वेळी चिंचवड-निगडीपासून रावेत-वाकडपर्यंतच्या घरांत दोन संशयित ठरलेले असतात: नेट देणारी कंपनी आणि वायफाय. कंपनीला फोन लावला जातो, वायफायसाठी आणखी एक डबा मागवला जातो, आणि आकडा तिथेच राहतो. खरं तर तो आकडाच काही सांगत असतो. हवेतून येणारा वेग असा एका जागी चिकटून बसत नाही. दार लावलं, माणूस आडवा आला, शेजाऱ्याने सिनेमा लावला की तो हलतो. जो वेग हलतच नाही तो कुठल्या तरी पक्क्या मर्यादेला जाऊन थडकलेला असतो, आणि घरच्या नेटमध्ये अशी मर्यादा बहुतेक वेळा तारेच्या जोडणीत असते. मेशला तार लावली म्हणून तारेला संशयातून वगळायचं, हीच या सगळ्या शोधातली मोठी चूक.

हा ९४ येतो कुठून, ते पाहण्यासारखं आहे. लॅनची जोडणी ठरावीक पायऱ्यांवरच चालते: १० मेगाबिट, १००, १०००, अलीकडच्या काही यंत्रांत २५००. शंभर आणि हजार यांच्या मध्ये काही नाही. तार शंभरच्या पायरीवर चालते तेव्हा माहितीच्या प्रत्येक पाकिटासोबत पत्ते, तपासणीचे आकडे आणि दोन पाकिटांमधलं मोकळं अंतर हेही जातं. १५३८ बाइटांची जागा खर्च होते, तिच्यात खरा माल १४६० बाइटांचा. म्हणजे शंभरातले जेमतेम ९५. प्रत्यक्षात ९४ ते ९५. हजाराच्या पायरीवर तोच हिशेब ९४०च्या आसपास जातो. तेव्हा तीनशेच्या प्लॅनवर सतत ९४ दिसणं, म्हणजे मार्गातला कुठला तरी एक तुकडा शंभरच्या पायरीवर चालतोय याचा जवळजवळ लेखी पुरावाच. प्लॅनच शंभरचा असेल तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येऊ.

मेशला तार लावायची वेळ या भागात का येते, याचं उत्तर भिंतींत आहे. जुन्या चिंचवडमधली आणि आधीच्या पिढीतल्या सोसायट्यांमधली घरं विटांच्या भिंतींची. लहरी त्यांतून कष्टाने का होईना, पार होतात. निगडी प्राधिकरणातले बंगले आणि रो-हाऊस दोन-तीन मजल्यांचे, तिथे आडवा येतो स्लॅब. आणि ताथवडे, पुनावळे, रावेत, मोशीकडच्या नव्या टॉवरांपैकी अनेक मायवान पद्धतीचे आहेत: ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओतायचे. आतल्या भिंतींतही सळ्या आणि काँक्रीट. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची ताकद अशा एका भिंतीत सहज दहा ते वीस डेसिबलने घटते. दहा डेसिबल म्हणजे एकदशांश उरली, वीस म्हणजे एकशतांश. हॉलमधल्या राउटरचं बेडरूममध्ये काय होतं ते यावरून कळावं. मेशचे डबे बिनतारी ठेवले तर त्यांनाही त्याच भिंती ओलांडून एकमेकांशी बोलावं लागतं, शिवाय जिथे एकच रेडिओ ऐकण्याचं आणि पुढे पाठवण्याचं अशी दोन्ही कामं करतो तिथे वेग साधारण निम्मा होतो. तार हा यावरचा योग्य उपाय आहे, यात वाद नाही. मात्र ती टाकल्यावर तिच्याकडे पुन्हा ढुंकूनही बघितलं जात नाही.

नवल असं की ज्या पट्ट्यात ही घरं आहेत तिथल्या कितीतरी माणसांचं पोट याच प्रकारच्या विचारावर चालतं. पिंपरीत १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२मध्ये एमआयडीसी आली, पुढे टेल्को, आकुर्डीत बजाज, आणि आता चाकणपर्यंत गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने. असेंब्ली लाइनवर काम केलेल्या कोणालाही माहीत असतं, की लाइनचा वेग सर्वांत मंद स्टेशनाएवढा. बाकीच्या स्टेशनांवर कितीही महागडं मशीन बसवा, शिफ्टला गाड्या तेवढ्याच निघतात. भौतिकशास्त्र शिकून व्यवस्थापनाकडे वळलेल्या एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४मध्ये ‘द गोल’ ही अख्खी कादंबरी याच मुद्द्यावर उभी केली. घरचं नेटही अशीच लाइन आहे: कंपनीची फायबर, मोडेम, मोडेमपासून मेशच्या मुख्य डब्यापर्यंतची छोटी केबल, तो डबा, स्विच, भिंतीतली केबल, आतला डबा, हवा आणि शेवटी फोन. शॉपफ्लोअरवर प्रत्येक स्टेशनाचा सायकल टाइम मोजल्याशिवाय नव्या मशीनची मागणी कोणी पुढे सरकवत नाही. घरी मात्र शेवटच्या टोकाला, फोनवर, एकदा मोजलं की खरेदी सुरू.

मोजायचं ते उगमापासून, आणि तारेने. लॅपटॉप थेट कंपनीच्या मोडेमला जोडायचा आणि आकडा बघायचा. इथेच तीनशेऐवजी दीडशे मिळत असतील तर घरात शोधण्यासारखं अजून काही नाही, तक्रार नोंदवावी. ‘दोष कंपनीचाच असतो’ या आक्षेपाला एवढाच मान देता येतो, आणि तो द्यायलाही हवा. घरगुती फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीची असते: सुमारे अडीच गिगाबिटची एक वाट अनेक घरांत वाटलेली, साधारण ३२ किंवा ६४. संध्याकाळी सगळे एकदम बसले की तिथे किंवा त्याच्याही मागे दाटी होऊ शकते. पण या दाटीची खूण निराळी. तिच्यामुळे पहाटेचा आकडा आणि रात्री नऊचा आकडा वेगळा येतो. जागा बदलल्यावर आकडा बदलत असेल तर भिंत. तासाप्रमाणे बदलत असेल तर कंपनी किंवा शेजारी. काही केल्या बदलत नसेल तर तार, पोर्ट किंवा स्विच. आकडा किती, याइतकंच तो कधी आणि कुठे हलतो हेही पाहायला हवं.

मग लॅपटॉप एकेक तुकडा पुढे न्यायचा. मेशच्या मुख्य डब्याला जोडून एकदा. भिंतीतून आलेल्या केबलच्या आतल्या टोकाला, डबा काढून त्याच्या जागी, एकदा. आतल्या डब्याच्या दुसऱ्या पोर्टला एकदा. आणि शेवटी त्याच डब्याजवळ उभं राहून वायफायवर. ज्या टप्प्यावर आकडा कोसळतो तो तुकडा दोषी. यात एक गंमतीदार सापळा आहे. हल्लीच्या बारीक लॅपटॉपांना लॅनचं पोर्ट नसतं, म्हणून स्वस्तातला यूएसबी अॅडॉप्टर आणला जातो, आणि त्यांतले बरेच स्वतःच शंभरचे असतात. मग मोडेमपासून बेडरूमपर्यंत सगळीकडे ९४च दिसतं आणि सगळे निर्दोष तुकडे एकदम आरोपी ठरतात. स्पीड टेस्टच्याही आधी लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीडसमोर काय लिहिलंय ते वाचावं. तिथे १००० असेल तर पुढे जायचं. १०० असेल तर ही केबल, अॅडॉप्टर किंवा पोर्ट यांपैकी कोणीतरी सापडलं.

आता खुद्द केबल. तिच्या पोटात आठ तारा असतात, चार जोड्यांमध्ये पिळलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीसोबत तिची पांढऱ्यावर रंगाचा पट्टा असलेली जोडीदार. शंभरच्या पायरीला यातल्या दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. साध्या तांब्याच्या केबलवर गिगाबिट चालवण्याचं मानक १९९९मध्ये आलं. त्याला चारही जोड्या लागतात. समजा, कोपऱ्यात वाकवताना तपकिरी तार तुटली, किंवा जॅकमध्ये नीट बसलीच नाही. दोन्ही टोकांची यंत्रं आधी नारिंगी-हिरवीवरून आपसात बोलतात, हजारावर जायचं ठरवतात आणि जमत नाही असं दिसलं की पुष्कळदा मुकाट्याने शंभरवर उतरतात. नेट चालू राहतं. लाल दिवा लागत नाही, ॲप ‘वायर्ड’ असंच दाखवतं, केबल टाकणारा पैसे घेऊन गेलेला असतो. एका बारीक तारेपायी नऊ-दशांश क्षमता गेली तरी घरात कोणालाच बिघाड झाल्यासारखं वाटत नाही. कधी तर तार तुटलेलीही नसते. सीसीटीव्हीवाल्याने रिकाम्या दिसल्या म्हणून निळी-तपकिरी जोडी कॅमेऱ्याच्या विजेसाठी उचललेली असते.

याहून फसवा दोष जोड्या फोडण्याचा. जॅकमध्ये तारा बसवण्याचा प्रचलित क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी घुसवलेली पाहून कुणालाही वाटेल की हा उगाचचा वेडेपणा आहे. तो टेलिफोनचा वारसा: मधल्या दोन जागा फोनच्या लाइनसाठी राखलेल्या होत्या. नवशिका माणूस मात्र रंगांना रंग लावून सरळ ओळीने बसवतो, दोन्ही टोकांना सारखाच. टेस्टर लावला की आठही दिवे क्रमाने लागतात, काम पास. पण तारा पिळलेल्या असतात त्या उगाच नाही. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा खरखराट दोघींवर सारखा पडतो आणि वजा होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी हा विचार १८८१च्या पेटंटमध्ये मांडला होता. सरळ ओळीत लावल्यावर एका संदेशाच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत जातात आणि हा बचाव संपतो. तीस-चाळीस फुटांवर पाकिटं खराब होऊ लागतात, पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात, आणि वेग असा विचित्र घसरतो की माणूस पुन्हा वायफायलाच दोष देतो. साधा टेस्टर तार जोडली आहे की नाही एवढंच सांगतो. ती कुणासोबत पिळली आहे हे त्याला कळत नाही. याच कारणाने जॅकपाशी पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नये असा नियम आहे, आणि तो पाळणारे कारागीर फार कमी दिसतात.

केबलच्या मालाबद्दलही दोन शब्द. पुण्यात बुधवार पेठेत किंवा ऑनलाइन, दिसायला सारख्या दोन केबलींच्या किमतीत बराच फरक दिसतो. स्वस्त केबल पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तार वाकवली की लवकर तुटते. ब्लेडने तार खरवडली आणि आतून पांढरी निघाली तर समजावं. कॅट ६ असं बाहेर छापलेलं असलं तरी मानकाला शुद्ध तांबंच लागतं. उलट, घरात आधीच टाकलेली चांगल्या तांब्याची कॅट ५ई केबल गिगाबिटला शंभर मीटरपर्यंत पुरते; निव्वळ ६चा आकडा हवा म्हणून ती उपसून काढण्यात शहाणपणा नाही.

तार निर्दोष निघाली तरी ती चुकीच्या जागी लावलेली असू शकते. मेशचा मुख्य डबा मोडेमनंतर यायला हवा आणि बाकीचे सगळे डबे मुख्य डब्यानंतर. बऱ्याच घरांत मोडेमलाच चार पोर्टं दिसतात म्हणून मुख्य डबा आणि आतला डबा दोन्ही त्यालाच जोडले जातात. अनेक मेश संचांना ही मांडणी चालत नाही. आतला डबा तार असूनही बिनतारी जोडणी धरतो, किंवा तार आणि हवा अशी दोन वाटांची गोल फेरी तयार होते आणि तीच पाकिटं त्यात फिरत राहतात. अशी फेरी ओळखून एक वाट बंद करण्याची युक्ती रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये शोधली आणि आज मोठ्या कार्यालयांतल्या स्विचांत ती असतेच. घरी वापरायच्या स्वस्त स्विचमध्ये ती सहसा नसते. चिंचवड-भोसरीच्या औद्योगिक भागात गुरुवार हा सुट्टीचा आणि म्हणून वीज दुरुस्तीचाही वार. वीज परत आली की सगळे डबे एकदम उठतात. स्विच किंवा मुख्य डबा उशिरा उठला तर काही संचांतला आतला डबा बिनतारी जोडणी धरून बसतो आणि कोणी बंद-चालू करेपर्यंत तसाच राहतो. शुक्रवारी नेट मंद वाटलं तर ॲपमध्ये प्रत्येक डब्यापुढे ‘वायर्ड’ लिहिलंय का, हे आधी बघावं. मोडेमचं स्वतःचं वायफाय चालू राहिलं असेल तर तेही बंद करावं, नाहीतर फोन नव्या मेशऐवजी जुन्या ओळखीवरच जातो.

इथे समोरचा म्हणेल, एवढी खटपट कशाला, वायफाय ६ किंवा ७चा नवा संच घ्या आणि मोकळे व्हा. नव्या संचाने हवेतला वेग वाढतो, हे खरं. पण शंभरवर उतरलेली तार नव्या डब्यालाही शंभरच देणार. शिवाय खोक्यावरचे आकडे जपून वाचावेत. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची ढोबळ बेरीज. ती कुठल्याही एका फोनला कधी मिळत नाही, आणि असा आकडा मिरवणाऱ्या काही डब्यांची लॅन पोर्टं चक्क शंभरची असतात. वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात १०/१०० लिहिलेलं असतं, १०/१००/१००० हवं. डब्यांची संख्या वाढवणं तर आणखी वाईट. तारेमुळे डब्यांमधली वाट मोकळी होते, हवा मोकळी होत नाही. बहुतेक घरगुती संच सगळे डबे एकाच चॅनेलवर चालवतात, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. सातशे फुटांच्या टू बीएचकेत तीन डबे ठेवले की ते एकमेकांच्या बोलण्यात अडथळा आणतात. वर शेजार आहेच: २.४ गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झचा, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८मध्ये परवानामुक्त केला, तेव्हा टॉवरात राहणाऱ्याने फोन आणि टीव्ही तिकडेच ठेवावेत. एका डब्याकडून दुसऱ्याकडे कधी जायचं हे शेवटी फोन ठरवतो, राउटर फार तर सुचवतो. बेडरूममध्ये आलेला फोन हॉलच्या डब्यालाच चिकटून असेल तर वायफाय एकदा बंद-चालू करून पाहणं हा चौकशीचा भागच आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. पुष्कळ घरांचा प्लॅन शंभरचा किंवा त्याखालचा. त्यांना ९४ मिळतात तेवढे पुरेसे नाहीत का? पुरेसे आहेत. फोर-के सिनेमाला नेटफ्लिक्स १५ मेगाबिट पुरतात असं सांगते. अशा घराने गिगाबिटच्या मागे लागून भिंती फोडू नयेत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण मग याच घरांत मीटिंगमध्ये आवाज का तुटतो? कारण तिथे प्रश्न वेगाचा नसून उशिराचा असतो. सीसीटीव्ही चित्रण क्लाउडवर चढवतोय, फोन फोटो वर पाठवतोय, आणि जाणारी पाकिटं मोडेममध्ये रांग लावून उभी. त्यामागे मीटिंगचा आवाजही ताटकळतो. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास या दुखण्याकडे लक्ष वेधलं आणि त्याला बफरब्लोट असं नावही दिलं. त्यावर राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे महत्त्वाच्या पाकिटांना रांगेत पुढे सोडणारी सोय, चालू करणं किंवा बॅकअप रात्रीवर टाकणं हे उपाय आहेत. आणि इथेही तार सुटत नाही: फुटलेल्या जोड्यांची केबल पाकिटं गाळते, तेव्हा स्पीड टेस्टचा आकडा ठीकठाक दिसूनही आवाज तुटत राहतो. लॅपटॉपवरून मुख्य डब्याला सतत पिंग लावून पाहावं. तारेवरून एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर यायला हवं आणि एकही हरवता कामा नये. हरवत असेल तर कंपनी घराबाहेर आहे आणि पिंग घराबाहेर गेलेलाच नाही.

केबल बदलायची ठरली तर विटांच्या घरात मार्ग निघतो. आता कोणी न वापरणारी केबल टीव्हीची जुनी कोअॅक्सियल वायर भिंतीतल्या पाइपात तशीच पडलेली असते. तिच्या टोकाला लॅन केबल बांधून ओढून घेता येते. नाहीतर स्कर्टिंगलगत पट्टी वायरिंग. दिसायला बेताचं, पण दुरुस्त करता येतं, आणि हा गुण कन्सील वायरिंगमध्ये नसतो. विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र लॅन केबल नेऊ नये; तिथे खरखराटापेक्षा २३० व्होल्टचा धोका मोठा. मायवानच्या घरात ही मुभा कमी, कारण पाइप काँक्रीट ओततानाच बसलेले असतात आणि ती भिंत नंतर कापू देत नाहीत. त्यामुळे ताबा घेण्याआधी विचारावं: हॉलपासून प्रत्येक खोलीपर्यंत लॅनसाठी वेगळा पाइप आहे का, केबल टाकली असेल तर तांब्याची आहे का, आणि दोन्ही टोकांना आठही तारा लावल्या आहेत का. पाहणीच्या दिवशी दोन लॅपटॉप आणि दोन छोट्या केबली नेल्या तर भिंतीतल्या केबलच्या दोन्ही टोकांना ते जोडून लिंक स्पीड वाचता येतो. हजारऐवजी शंभर दिसलं तर फरशीच्या चिरा आणि न लागणाऱ्या खिडक्यांच्या यादीत तेही लिहून बिल्डरच्या माणसाची सही घ्यावी.